बेगुनकोदरचे बिनपगारी भूत

बेगुनकोदर हे पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातील एक छोटे रेल्वे स्थानक आहे. दक्षिण पूर्व रेल्वेच्या रांची विभागात, कोटशिला आणि झालदा या दोन स्थानकांच्या मध्ये ते येते. भोवती माळरान, पळसाची झाडे, पावसाच्या भरवशावरची शेती आणि लांबवर अयोध्या पहाड. भारतात उत्पन्न नाही म्हणून, रुळांची रुंदी बदलली म्हणून किंवा धरणाच्या पाण्याखाली गेली म्हणून बंद पडलेली स्थानके पुष्कळ आहेत. भुतामुळे बंद पडल्याची ख्याती मात्र बेगुनकोदरला लाभली. ४२ वर्षांनी ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा भुताचा बंदोबस्त कोणी केला, असे कोणीही विचारील. सरळ उत्तर असे की, तो कोणीच केला नाही. बंदोबस्त झाला तो स्टेशन मास्तरांच्या पदाचा.

स्थानक १९६० मध्ये सुरू झाले. संथाळांची राणी लाचन कुमारी हिने त्यासाठी पुढाकार घेतला, असे त्या भागात सांगतात. राणीने मागावे आणि रेल्वेने द्यावे, हा व्यवहार आज अद्भुत वाटतो. कारण हल्ली तेवढ्याच कामाला निवेदन, स्मरणपत्र, शिष्टमंडळ, रेल रोको आणि पुन्हा निवेदन एवढ्या पायऱ्या लागतात. ज्या गावाचे नाव स्थानकाला मिळाले ते गाव रुळांपासून काही अंतरावर आहे. यात नवल नाही. भारतातील अनेक स्थानके आपापल्या गावांपासून सोवळ्यात राहिल्यासारखी दूर उभी असतात आणि मधले अंतर प्रवाशाने कसे कापायचे, हा विषय रेल्वेच्या अखत्यारीत येत नाही. या अंतराचा एक परिणाम असा की, संध्याकाळची गाडी निघून गेली की स्थानकावर कर्मचाऱ्यांखेरीज चिटपाखरू उरत नाही. पुढे जे घडले, त्याची अर्धी तयारी नकाशावरच झालेली होती.

स्थानक सुरू होऊन सात वर्षे झाली आणि १९६७ मध्ये तिथल्या एका कर्मचाऱ्याने रात्री पांढऱ्या साडीतली बाई पाहिल्याचे सांगितले. बाई रुळांच्या कडेने चालत होती. काहींच्या मते ती तिथेच रेल्वेखाली सापडून गेली होती, काहींच्या मते तिने जीव दिला होता. पुढे स्टेशन मास्तरांचा मृत्यू झाला आणि त्यांच्यासह घरची माणसेही क्वार्टरमध्ये मृत आढळली, असे गोष्टीच्या बहुतेक आवृत्त्या सांगतात. गोष्टी सांगणाऱ्यांची संख्या वाढत गेली, तरी मृत्यूच्या कारणाबद्दल कोणाला एक वाक्य जास्त सांगता आले नाही. कर्मचारी तिथे राहायला तयार होईनात. नव्या नेमणुकांचे आदेश निघाले म्हणतात, पण आदेश हातात पडला की माणसाची तब्येत बिघडे, घरी म्हातारे आईवडील आठवत, मुलांच्या शाळेचे वर्ष महत्त्वाचे ठरे. हजर कोणी झाले नाही. गाड्या थांबेनाशा झाल्या आणि स्थानक बंद पडले.

या भुताची जात कोणती, हे अखेरपर्यंत ठरले नाही, ही अभ्यासकांच्या दृष्टीने मोठीच उणीव आहे. बंगाली लोकपरंपरेत भुतांची वर्गवारी आपल्याकडच्या मुंजा, हडळ, समंध, खवीस आणि झोटिंग यांच्या इतकीच काटेकोर आहे. लग्न न होता गेलेली ती पेत्नी. सवाष्ण असून गेलेली, हातात शंखाच्या बांगड्या घालणारी ती शाकचुन्नी. ब्राह्मणाचे भूत ब्रह्मदैत्य. ते आपल्या समंधाचे मावसभाऊ शोभावे. मासे पळवणारे मेछो भूत तर खास बंगालचेच. कोकण सोडले तर त्याला इतरत्र पोट भरणे कठीण. विशेष म्हणजे मुंडके नसलेले स्कंधकाटा नावाचे एक भूत आहे आणि ते प्रामुख्याने रेल्वेखाली मान गेलेल्या माणसाचे असते, अशी समजूत आहे. म्हणजे रेल्वे आली तशी परंपरेने तिच्यासाठी रीतसर एक भूत मंजूरही करून ठेवले होते. असे असताना बेगुनकोदरला स्कंधकाटा न येता पांढऱ्या साडीतली बाई आली, ती सिनेमांमुळे. पन्नास-साठच्या दशकांत हिंदी आणि बंगाली पडद्यावर पांढरी साडी, धुके आणि रात्र हे त्रिकूट इतके रुळले होते की, प्रत्यक्ष दिसणाऱ्या भुतांनाही पोशाखाबाबत फारशी निवड उरली नसावी.

भुताने पछाडायला स्टेशन मास्तरच का निवडले, हे समजण्यासाठी त्या काळच्या स्थानकाचे काम पाहावे लागते. एकेरी मार्गावर एका वेळी दोन स्थानकांच्या मधल्या टापूत एकच गाडी असावी, हा सुरक्षिततेचा पाया. त्यासाठी मास्तर पुढच्या स्थानकाला घंटीचे ठोके देऊन ‘लाइन क्लिअर’ मागतो. तिकडून होकार आला की यंत्रातून टोकनचा गोळा बाहेर पडतो. हा गोळा चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या मोठ्या कड्याला अडकवायचा आणि कडे हातात उंच धरून फलाटाच्या टोकाला उभे राहायचे. गाडी न थांबताच जाणार असेल, तर इंजिनावरचा माणूस हात बाहेर काढून ते कडे उचलतो आणि मागच्या टापूचे कडे फलाटावर फेकून देतो. मग ते अंधारात कुठे गडगडले हे हातबत्ती घेऊन शोधायचे.

हे काम अमावास्येच्या रात्री दोन वाजताही करावेच लागते, कारण मालगाड्यांना पंचांग नसते. एका हातात कडे, दुसऱ्या हातात हिरवी बत्ती, समोरून डोळे दिपवणारा हेडलाइट, वाफेचा लोट आणि गाडी गेल्यावर आधीपेक्षा दुप्पट वाटणारा काळोख. अशा वेळी गोळा शोधताना आणखी काही सापडले तर त्याचा दोष सर्वस्वी कर्मचाऱ्याला देता येत नाही. भुताला प्रत्यक्षदर्शी साक्षीदार लागतो आणि त्या माळावर रात्री पगार घेऊन जागणारा साक्षीदार रेल्वेनेच नेमून दिलेला होता.

या प्रकरणाची सर्वात स्पष्ट उकल वासुदेव आचार्य यांनी केली. ते बांकुड्याचे खासदार होते, १९८० पासून २०१४ पर्यंत लोकसभेत होते, रेल्वेविषयक संसदीय स्थायी समितीचे अध्यक्षही होते, आणि मूळ याच पुरुलिया जिल्ह्यातले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, तिथली नेमणूक नको म्हणून कर्मचाऱ्यांनी भुताची गोष्ट रचली. नोकरशाहीची थोडीफार ओळख असलेल्या कोणालाही हे पटते. आडगावची बदली टाळण्यासाठी वापरली जाणारी कारणे ठरलेली असतात आणि त्या प्रत्येकावर साहेबांकडे तयार उत्तर असते. वैद्यकीय दाखला आणला तर सिव्हिल सर्जनकडे पाठवता येते. आईवडिलांचे वय काढले तर रेशनकार्ड मागवता येते. भुतावर मात्र फेरतपासणीची सोय नाही. ‘भूत नाही’ असे लेखी द्यायला कोणीतरी एक रात्र तिथे काढली पाहिजे आणि ज्याच्या सहीने ते द्यायचे, तो अधिकारी रांचीला असतो.

महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भुताचा धाक घालून लोकांना घाबरवणे हा गुन्हा ठरला. तो कायदा इथे मदतीला आला नसता. दुसऱ्याला भुताची भीती घालणाऱ्याला त्यात शिक्षा आहे. स्वतःला भीती वाटते म्हणून बदलीचा अर्ज करणाऱ्याबाबत तो गप्प आहे.

रेल्वेलाही हे भूत तसे जड नव्हते. कमी उत्पन्नाच्या स्थानकाचा खर्च मोठा असतो: पाळीपाळीने माणसे, त्यांचे क्वार्टर, पाणी, रॉकेल आणि दर थांब्याला गाडी थांबवून पुन्हा वेग घेण्यात जाणारा वेळ आणि इंधन. असे स्थानक उत्पन्नाच्या कारणाने बंद करायचे म्हटले तर आमदार, खासदार आणि व्यापारी मंडळ अंगावर येतात. भुताच्या कारणाने बंद पडले तर अंगावर कोण येणार? कर्मचाऱ्यांची बदली टळली, रेल्वेचा खर्च टळला. सगळ्यांचे भले करणारे असे भूत विरळाच. तोटा झाला तो फक्त गावकऱ्यांचा. दारावरून रोज गाडी जायची आणि ती पकडायला झालद्याला किंवा कोटशिल्याला जायचे. भुताने झपाटलेले नक्की कोण, याची व्याख्या करायची झाली तर ती या पायपिटीला अधिक लागू पडते.

स्थानक बंद पडल्यानंतर भुताची प्रकृती सुधारत गेली. ते स्थानकावर राहणारे होते तोवर एवढेच करत असे की रुळाच्या कडेने चालावे. आता प्रवासी सांगू लागले की, ती बाई गाडीबरोबर धावते. पुढे पुढे ती गाडीला मागेही टाकू लागली. या दाव्याबद्दल अनेकांनी आश्चर्य व्यक्त केले आहे, पण त्या मार्गावरच्या पॅसेंजर गाडीचा वेग ध्यानात घेता हा पराक्रम म्हणून नोंदवण्याइतका आहे की नाही, याबद्दल दुमत होऊ शकते. काहींनी तिला रुळांवर नाचतानाही पाहिले. बेगुनकोदर जवळ आले की डब्यातले लोक खिडक्यांच्या झडपा खाली ओढत, असे सांगतात. त्यामुळे ज्यांनी भूत पाहिले नाही त्यांनी झडप ओढली होती म्हणून पाहिले नाही, आणि ज्यांनी पाहिले त्यांनी झडप ओढली नव्हती म्हणून पाहिले, अशी दोन्ही बाजूंनी पक्की उपपत्ती तयार झाली. ओस पडलेली इमारत, उखडलेला गिलावा आणि आत वाढलेली झाडे यांनी पुराव्याचे काम केले. पडीक इमारतीला भूत सहज मिळते. या इमारतीला भूत आधी मिळाले आणि ती नंतर पडीक झाली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे गावकऱ्यांनी समिती करून स्थानक पुन्हा सुरू करण्याची मागणी लावून धरली. पत्रे गेली, आचार्यांकडे खेपा झाल्या. बंद स्थानक सुरू करणे हे नवे स्थानक बांधण्यापेक्षा अवघड असते. नव्या स्थानकाला निधी लागतो, पण बंद स्थानकाला आधी ते का बंद झाले याचे कागद लागतात, आणि ‘भूत’ हा शब्द टिपणीत लिहायला कोणी कारकून धजत नाही. कागदावर भूत नव्हते, म्हणून ते हटवल्याचा अहवालही मागता येत नव्हता. शेवटी ऑगस्ट २००९ मध्ये, ममता बॅनर्जी रेल्वेमंत्री असताना, स्थानक पुन्हा सुरू झाले. गाडी थांबली, लोक चढले, लोक उतरले. हिरवा झेंडा हावडा जंक्शनला जेवढ्या लांबीचा लागतो तेवढ्याच लांबीचा इथेही लागला.

पुन्हा सुरू करताना रेल्वेने जी युक्ती वापरली ती या सगळ्या इतिहासातली सर्वात हुशारीची गोष्ट आहे. स्थानक परत आले ते हॉल्ट म्हणून. रेल्वेच्या परिभाषेत स्थानकांचे दोन मोठे प्रकार पडतात. ज्यांच्याकडे गाडीला पुढे जाण्याची परवानगी देण्याचे काम असते ती ब्लॉक स्थानके, आणि ज्यांच्याकडे ते नसते ती बाकीची. हॉल्ट दुसऱ्या प्रकारात येतो. तिथे सिग्नल नाही, टोकन नाही, मास्तर नाही, रात्रपाळी नाही. ड्रायव्हर वेळापत्रकात आहे म्हणून थांबतो, गार्ड घड्याळ पाहतो आणि गाडी निघते. तिकिटे विकायला रेल्वेचा नोकर नसतो. स्थानिक एजंट असतो. तो जवळच्या स्थानकावर पैसे भरून तिकिटे घेऊन येतो, विकतो आणि विक्रीवर कमिशन मिळवतो. गाडीची वेळ होते तेव्हा तो खिडकी उघडतो, गाडी गेली की बंद करून घरी जातो. बेगुनकोदरला हीच व्यवस्था लागली. रेल्वेचा एकही कर्मचारी तिथे नेमला गेला नाही, त्यामुळे कोणी नेमणूक नाकारली नाही. भुताला उद्देशून कोणतेही पत्र न काढता, कोणतीही शांत न करता, प्रश्न सुटला. ज्याला ते दिसत होते ते पदच रद्द झाले.

एजंट सरकारी नसल्याने त्याला भुताची भीती बाळगायची मुभा आहे, पण कमिशन विकलेल्या तिकिटांवर असल्याने ती बाळगणे त्याला परवडत नाही. सरकारी नोकरी आणि खासगी व्यवसाय यांच्या स्वभावातला फरक शिकवण्यासाठी अर्थशास्त्राच्या पुस्तकात हे उदाहरण घालण्यासारखे आहे.

तरीही लोक संध्याकाळ झाली की स्थानक सोडतात. साडेपाच-सहानंतर तिथे कोणी थांबत नाही, असे बातम्यांमध्ये पुन्हा पुन्हा येत राहिले. याचे एक कारण भूत आहे, आणि दुसरे म्हणजे त्यानंतर थांबून करायचे काय, हे आहे. गाड्या मोजक्या, दिवे मोजके, चहाची टपरी उघडी राहावी इतकी गर्दी नाही. पण पहिले कारण बाहेरच्यांना जास्त आवडते. त्यामुळे कोलकात्याहून आणि आणखी लांबून लोक कॅमेरे घेऊन रात्री यायला लागले. दिवसा गाडीसाठी जितके लोक येत नाहीत तितके रात्री भुतासाठी येतात, अशी वेळ काही काळ आली. यात तिकीट कोणीच काढत नाही, कारण भूतदर्शनाचा वर्ग रेल्वेच्या भाडेपत्रकात नाही.

डिसेंबर २०१७ च्या अखेरीस पश्चिमबंग विज्ञान मंच या विवेकवादी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तिथे मुद्दाम एक रात्र काढली. टॉर्च, कॅमेरे आणि डिजिटल होकायंत्र घेऊन ते बसले. भूत आले नाही. त्याऐवजी मध्यरात्रीनंतर स्थानकाच्या मागच्या झुडपांतून विचित्र आवाज येऊ लागले. टॉर्चचा झोत टाकला तेव्हा तिथे काही माणसे लपलेली होती आणि उजेड पडताच ती पळून गेली. विवेकवाद्यांनी निष्कर्ष काढला की भूत नाही. हा निष्कर्ष बरोबर असला तरी त्यातून एक अधिक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. १९६७ मध्ये कर्मचारी भुताला घाबरून पळाले होते. पन्नास वर्षांनी भुतेच माणसांना घाबरून पळाली. आधीची भुते नोकरी टाळण्यासाठी निर्माण झाली होती. नंतरची झुडपात थंडी सोसत हजर होती, म्हणजे कामाच्या बाबतीत पिढी सुधारली म्हणायला हरकत नाही.

पुन्हा सुरू झालेले खेड्यातले स्थानक चालू कसे ठेवायचे, हा यापुढचा धडा. त्यासाठी उत्तर प्रदेशातील प्रयागराज जिल्ह्याचे दयालपूर पाहावे. हे स्थानक १९५४ चे; लालबहादूर शास्त्री तेव्हा रेल्वेमंत्री होते. तिकिटे खपत नाहीत म्हणून २००६ मध्ये ते बंद झाले आणि गावकऱ्यांनी धरलेला नेट कामी येऊन बऱ्याच वर्षांनी पुन्हा सुरू झाले. इथे भूत नव्हते, निकष होता. मुख्य मार्गावरील अशा स्थानकावर रोज किमान ५० आणि शाखा मार्गावर २५ तिकिटे खपावीत, असा तो सांगितला जातो. थांबणाऱ्या गाड्या इतक्या कमी की, एवढ्या लोकांनी रोज जायचे कुठे, हा प्रश्न पडावा. गावकऱ्यांनी त्यावर उपाय काढला. वर्गणी गोळा करायची, खिडकीवर जाऊन रोजची तिकिटे काढायची आणि घरी यायचे. प्रवास कोणी करत नाही. स्वस्तातले तिकीट घ्यायचे, म्हणजे स्थानक महिनाभर जगवायला फार खर्च येत नाही. तेलंगणात वारंगळजवळच्या नेक्कोंडा येथेही एका गाडीचा थांबा टिकावा म्हणून लोकांनी अशीच वर्गणीची तिकिटे काढल्याचे गाजले.

या उपायाची मेख लक्षात घेण्यासारखी आहे. गाड्या थांबत नाहीत म्हणून प्रवासी येत नाहीत, आणि प्रवासी येत नाहीत म्हणून गाड्या थांबत नाहीत, असा हा पेच. तो सोडवण्याचा दुसरा मार्ग जास्त गाड्या थांबवणे हा होता, पण त्याचा निर्णय वरून होतो. तिकीट काढणे गावाच्या हातात होते. डब्यात बसलेला माणूस रेल्वे मोजत नाही, विकलेले तिकीट मोजते; म्हणून गावकऱ्यांनी माणूस घरी ठेवला आणि तिकीट पाठवले. हा विनातिकीट प्रवासाच्या अगदी उलटा प्रकार असून त्याला दंड नाही. प्रवास न करणाऱ्या प्रवाशांकडून रेल्वेला कसलाच त्रास होत नाही. ते जागा अडवत नाहीत, खिडकीतून थुंकत नाहीत, उशीर झाला म्हणून तक्रार करत नाहीत. त्यांच्यापेक्षा आदर्श प्रवासी सापडणे कठीण.

बेगुनकोदर आणि दयालपूर एकमेकांशेजारी ठेवले की ग्रामीण स्थानक बंद होण्याचा आणि सुरू होण्याचा नियम दिसू लागतो. बेगुनकोदरमध्ये जे भूत सर्वांना दिसत होते, ते कागदावर कधी आले नाही. म्हणून ते हटवण्याची जबाबदारी कोणावर आली नाही आणि गाव ४२ वर्षे पायी चालले. दयालपूरमध्ये जे प्रवासी कोणालाच दिसत नाहीत, ते कागदावर रोज नियमाने हजर असतात. म्हणून स्थानक चालू आहे. रेल्वे भुतांवर विश्वास ठेवत नाही, असे तिचे अधिकारी सांगतात आणि त्यावर अविश्वास दाखवायचे कारण नाही. मात्र त्यांनी तिकिटाचा हिशेब ज्या वहीत ठेवला आहे, तिच्यात माणसाचे असणे आणि नसणे यांसाठी एकच रकाना आहे. गावांना हे उमगले आहे. स्थानक उघडे ठेवायचे तर भुताला हाकलून फायदा नाही; त्याच्या नावाचे एक तिकीट काढले पाहिजे.